औंढ्यात लटाकिया

अनोळखी माणसाकडं काय मागावं आणि काय मागू नये, याचे मराठवाड्यात ठरलेले दंडक आहेत. पाणी खुशाल मागावं. बसायला जागा मागावी, पण मिळाल्यावर तिथं आडवं होऊ नये. फोन मागितला तर समोरचा आधी तुमच्या चपलांकडं बघतो. पैशाचं नाव काढलं तर त्याची एस.टी. येईपर्यंत तो तुमच्याकडं बघतच नाही. तंबाखू मात्र या सगळ्या दंडकांच्या पलीकडची वस्तू आहे. औंढा नागनाथच्या बसस्टँडवर वीस एकर ओलिताचा धनी, बोटात दोन अंगठ्या, फटफटी स्टँडवर लावून शेंगदाणेवाल्यासमोर हात पसरतो आणि म्हणतो, "काढा बरं जराशी." शेंगदाणेवाला काढतो. कोणी कोणाचे आभार मानत नाही. देणाऱ्याला दिल्यासारखं वाटत नाही आणि घेणाऱ्याला मिंधेपण येत नाही. तंबाखू मळून होईपर्यंत दोघांचं गाव, सोयरेधायरे आणि हिंगोलीच्या बाजारात हळदीला कालचा भाव काय निघाला, एवढं सगळं उरकलेलं असतं.

ज्योतिर्लिंगाचं गाव असल्यामुळं इथं तेलंगणाचे, कर्नाटकाचे यात्रेकरूही येतात. भाषेची अडचण होते ती रिक्षाच्या भाड्यापुरती. डाव्या हाताचा तळवा पुढं करून उजव्या अंगठ्यानं त्यावर घासल्यासारखं केलं की जे काय म्हणायचं ते गोदावरीच्या दोन्ही काठांवर सारखंच समजतं.

आमच्या थोरल्या मामांकडं अजून चंची आहे. खणाच्या कापडाची, कप्प्याकप्प्यांची, दोरीनं गुंडाळायची. पान-सुपारीचे कप्पे आता रिकामेच असतात, कारण दातांनी राजीनामा दिला. एका कप्प्यात अडकित्ता आहे, तो आठवण म्हणून. चालू कप्पा एकच. मामा त्यातून चिमूट काढून तळव्यावर ठेवतात, तर्जनीनं पसरतात आणि त्यातल्या काड्या एकेक करून वेचून टाकतात. हे काम ते मुलीकडची स्थळं पाहावीत इतक्या बारकाईनं करतात. मग चुन्याच्या डबीतून नखाच्या टोकावर येईल एवढाच चुना. मग अंगठा. मळताना मामा बोलत असतात, पण बघतात तळव्याकडंच. शेवटी उजव्या हाताच्या चार बोटांनी दोन थापा. त्यानं धुरळा उडतो, आणि समोर बसलेला शिंकतो. शिंक आली म्हणजे माल चांगला. मग तळवा आधी दुसऱ्यांपुढं फिरतो आणि उरलेला बार स्वतःच्या खालच्या ओठाखाली जातो. आधी स्वतः बार भरून मग दुसऱ्याला विचारणारा माणूस मामांच्या हिशेबी हलका.

पुडी बहुतेक वेळा गाय छापची, संगमनेरहून आलेली. तिच्यावर सरकारी नियमानं इशाऱ्याचा फोटो असतो. २०१६ पासून पाकिटाचा ८५ टक्के भाग या फोटोला आणि मजकुराला द्यावा लागतो, त्यामुळं गाय आता कोपऱ्यात उभी असते. मामा प्रत्येक नव्या पुडीवरचा फोटो मन लावून बघतात, मनापासून हळहळतात. एकदा म्हणाले, "बिचाऱ्याला सांगणारं कोणी घरात नव्हतं वाटतं." आणि पुडी फोडली.

अशा घरात माझा पुण्याचा मावसभाऊ पाइप घेऊन आला.

हा मावसभाऊ संगणकाच्या कंपनीत आहे. आधी सिगारेट ओढायचा. ती सोडायची म्हणून त्यानं पाइप धरला, आणि आता पाइपविषयी तो नवीन जावयाविषयी बोलावं तसा बोलतो. महाशिवरात्रीची यात्रा नुकतीच पांगली होती, शिवारात हळद शिजवण्याच्या कढया चढल्या होत्या. हा दर्शनाला म्हणून आला. भुयारासारख्या गाभाऱ्यात वाकून, बसून, घसरून उतरला, घामाघूम होऊन वर आला, आणि संध्याकाळी बॅगेतून एक गोल डबा काढून मला हळूच म्हणाला, "नवीन ब्लेंड आहे. अजून उघडलेला नाही. गच्चीवर एकटा बसून शांतपणे ओढून बघणार आहे."

एकटा आणि शांतपणे, हे दोन्ही शब्द औंढ्यात एका वाक्यात बसत नाहीत. त्यानं काडी ओढायच्या आत खालून मामींचा आवाज आला, "वर काय जळूलालंय?" मी म्हटलं, अजून काही जळलेलं नाही. त्या म्हणाल्या, "मंग खाली येऊन जाळा. माणसं आल्यात."

माणसं आली होती. कोणी सांगितलं, कधी सांगितलं, हा प्रश्न इथं विचारत नाहीत. ओसरीवर मामा होतेच. शिवाय हायस्कुलातून निवृत्त झालेले मास्तर, जे बिडी ओढतात पण भूगोल शिकवल्याच्या थाटात ओढतात. देवळाकडचे एक गोसावीबुवा, चिलमीतले जाणकार. आणि शेजारचे वारकरीबाबा, ज्यांनी माळ घातली त्या दिवशी तंबाखू सोडली आणि तेव्हापासून तंबाखूविषयी सगळ्यांत जास्त तेच बोलतात. सार्वजनिक जागी धूम्रपान केलं तर दोनशे रुपये दंड, हा नियम २००८ च्या गांधी जयंतीपासून लागू आहे, याची आठवण बाबांनी करून दिली. मास्तरांनी ओसरीची हद्द कुठवर येते ते काठीनं दाखवलं आणि म्हणाले, "धूर रस्त्यावर गेला तर दंड धुराला."

डबा हातोहात फिरला. मास्तरांनी चष्मा वर सारून तळाचा मजकूर वाचायला घेतला. आत तीन प्रकारची पानं होती. पहिलं व्हर्जिनिया, गोडसर, पिवळं. दुसरं पेरीक. ते अमेरिकेत लुइझियाना राज्यातल्या सेंट जेम्स नावाच्या एवढ्याशा परगण्यात होतं, आणि पिंपात भरून, वरून दाब देऊन महिनोन्‌महिने मुरवतात. तिसरं लटाकिया. मूळ सिरियाचं, आता बहुतेक सायप्रस बेटावरून येतं. हे पान लाकडांच्या आणि झुडपांच्या धुरावर टांगून काळं होईपर्यंत वाळवतात. धुराचा वास पानात कायमचा बसतो, आणि त्या वासासाठीच लोक पैसे मोजतात.

"धुराचा वास यावा म्हणून पैसे?" मामी दारात येऊन उभ्या होत्या. चुलीपुढं त्यांची तीस वर्षं गेली. उज्ज्वलाचा सिलिंडर आला त्या दिवशी त्यांनी चूल लिंपायची सोडली, ती आजवर लिंपलेली नाही. "माझं लुगडं नेलं आस्तं सायपरसला, तं बंगला झाला आस्ता."

डब्यावर चव कशी लागेल याचंही वर्णन होतं. मावसभावानं ते भक्तिभावानं मराठीत करून सांगितलं. आधी जुन्या चामड्याचा भास होतो, मग ओल्या गवताचा, आणि शेवटी जिभेवर मनुका रेंगाळतात.

मामांनी थोडा विचार केला. "म्हंजी आधी बैलाचा पट्टा, मंग गोठा, अन् मंग शिरा."

पाइप भरण्याचं शास्त्र यापुढं सुरू झालं. पाइप ओढणाऱ्यांत एक जुना दंडक आहे, तीन चिमटीत भरायचा. पहिली चिमूट लेकराच्या हातानं, म्हणजे अलगद. दुसरी बाईच्या हातानं, जरा दाबून. तिसरी बाप्याच्या हातानं, नेटानं. मावसभावानं हे सांगताच मामी म्हणाल्या, "बाईचा हात हलका आसं कोन म्हनलं?" दोन हंडे आणि वर कळशी असा पाण्याचा हिशेब त्यांनी लगेच मांडला, आणि बाप्याचा हात औंढ्यात कशाकशाला लागत नाही याची यादी त्याला जोडली. पाइप मामींच्या हिशेबानं भरला असता तर पहिली चिमूट लेकराची, दुसरी मामांची आणि तिसरी मामींची, असा क्रम लागला असता. ओसरीला ते पटलं.

मग काडी. पाइप पहिल्या काडीत पेटत नाही, पेटू द्यायचाही नसतो. पहिल्या काडीनं वरचा थर नुसता करपवायचा, तो फुगून वर येतो, लोखंडी दट्ट्यानं हलकेच खाली बसवायचा, आणि दुसऱ्या काडीनं खरा विस्तव लावायचा. एवढं करूनही तो विझतो. जाणकार सांगतात की विझणं हे दुखणं नाही, घाईनं ओढून तापवणं हे दुखणं. पण हे जाणकार एकेकटे बसतात. आमच्याकडं चार जण गुडघे जवळ घेऊन बघत होते. दर दोन मिनिटांनी कोणीतरी पुढं वाकायचं आणि म्हणायचं, "इझली का?"

"इझली."

"लाव. लाव मंग. वाट कामून बघूलाला?"

काडीपेटी अर्धी झाली. गोसावीबुवांनी चुलीतला निखारा आणायची तयारी दाखवली, पण चूल नाही हे मामींनी पुन्हा एकदा ऐकवलं.

मास्तरांना असे मोकळे क्षण फार आवडतात. नवी तंबाखू चाखायची आपल्याकडची पहिली मोठी नोंदलेली बैठक कोणती, असा प्रश्न त्यांनी ओसरीला टाकला, आणि चाळीस वर्षांच्या सवयीनं उत्तरही स्वतःच दिलं. ती बैठक अकबराची. हकीकत खरी आहे, आणि ऐकण्यासारखी आहे. अकबराच्या पदरी असद बेग नावाचा एक माणूस होता. शाहजादा दानियालसाठी विजापूरच्या आदिलशहाची मुलगी आणायला त्याला दक्षिणेत पाठवलं होतं. विजापुरात त्यानं आधी कधी न पाहिलेली चीज पाहिली, ती म्हणजे तंबाखू. गोव्याच्या फिरंग्यांनी ती समुद्राकडून आणली होती. असद बेगनं रत्नं जडवलेली नळी, सोन्याची चिलीम आणि उंची तंबाखू असा सगळा सरंजाम घेतला आणि चांदीच्या तबकात मांडून बादशहापुढं ठेवला. साल १६०४ च्या सुमारास.

अकबरानं विचारलं, हे काय? खान-ए-आझम या उमरावानं सांगितलं, ही तंबाखू, मक्का-मदिनेत प्रसिद्ध आहे, हुजुरांसाठी औषध म्हणून आणली आहे. बादशहानं नळी तोंडाला लावली. तेवढ्यात हकीम धावला. ओढू नका म्हणाला. अकबर म्हणाला, आणणाऱ्याचं मन राखायला थोडी ओढली पाहिजे. दोन-तीन झुरके घेतले. हकिमाचा जीव टांगणीला. मग बादशहानं नळी स्वतःच्या तोंडातून काढून खान-ए-आझमकडं दिली, त्यानंही दोन-तीन झुरके घेतले. औषधांच्या जाणकाराला बोलावलं, तो म्हणाला, आमच्या ग्रंथांत हिचा उल्लेख नाही, पण युरोपातल्या वैद्यांनी स्तुती केली आहे. हकीम म्हणाला, ज्याची परीक्षा झाली नाही ते औषध बादशहाला कसं द्यावं? असद बेगनं वाद घातला. शेवटी अकबरानं काही तंबाखूची सवय लावून घेतली नाही. पण असद बेगनं विजापुराहून पुष्कळ आणली होती, ती त्यानं अमीर-उमरावांना वाटली, त्यांनी आणखी मागितली, आणि व्यापाऱ्यांनी दुकानं मांडली. १६१७ मध्ये जहांगीरनं तंबाखूवर बंदीही घातली. ती किती पाळली गेली हे २०१२ ची गुटखाबंदी ज्यांनी पाहिली त्यांना सांगायला नको.

मला या हकिकतीत सगळ्यांत आवडतं ते हे, की हिंदुस्थानचा बादशहा झाला तरी नवी तंबाखू त्याला एकट्यानं चाखता आली नाही. हकीम होता, उमराव होता, औषधांचा जाणकार होता, आणणारा होता. प्रत्येकाला काही म्हणायचं होतं. मावसभावाची अवस्था अकबरापेक्षा वेगळी नव्हती, फक्त अकबराला कोणी "इझली का" असं विचारत नव्हतं.

"विजापूरच का," वारकरीबाबा म्हणाले, "आपली निपाणी काय वाईट आहे?" निपाणीचं नाव निघालं की मास्तर जरा गंभीर होतात. निपाणीकडची तंबाखू बिडीची, गुजरातची बिडीची तंबाखूही नावाजलेली, आणि पान तेंदूचं, गडचिरोली-गोंदियाच्या जंगलातलं. मास्तरांच्या दोन रुपयांच्या बिडीतही तेवढीच मिसळ असते, तिचा डबा कोणी गोल करत नाही आणि तिच्यात मनुका लागतात असं कोणी छापत नाही. निपाणीच्या तंबाखू पिकवणाऱ्यांनी १९८१ साली शेतकरी नेते शरद जोशींबरोबर भावासाठी पुणे-बंगळूर रस्ता अडवला, तेव्हा गोळीबार झाला, शेतकरी मेले. मास्तर तेव्हा नुकतेच नोकरीला लागले होते. ते एवढंच बोलले आणि त्यांनी बिडी पेटवली. ती पहिल्या काडीत पेटली.

मावसभावाला आता पाइपची इज्जत राखायची होती. त्यानं आइन्स्टाइनला बाहेर काढलं. आइन्स्टाइन पाइप ओढायचा. १९५० साली मॉन्ट्रियलच्या पाइपवाल्यांच्या क्लबानं त्याला आजीव सभासद करून घेतलं. त्याचा एक पाइप वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे, त्याची दांडी चावून चावून तिला भोक पडलं आहे.

हे त्यानं पुण्यात सांगितलं असतं तर लोकांनी मान डोलावली असती. औंढ्यात आइन्स्टाइन घरचा आहे. आमच्या तालुक्यात, दुधाळ्याच्या शिवारात, गुरुत्वाच्या लहरी टिपणारी लिगोची वेधशाळा उभी राहते आहे. अशा लहरी असतात हे आइन्स्टाइननं १९१६ साली कागदावर मांडलं. त्या पहिल्यांदा सापडल्या २०१५ च्या सप्टेंबरात, अमेरिकेतल्या दोन यंत्रांवर. १३० कोटी प्रकाशवर्षं दूर दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली, त्याचा हेलकावा पृथ्वीपर्यंत आला. ही बातमी फेब्रुवारी २०१६ मध्ये जाहीर झाली आणि आठवड्याच्या आत भारतातल्या यंत्राला तत्त्वतः मंजुरी मिळाली. २०२३ मध्ये २६०० कोटी रुपये मंजूर झाले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, त्यांतून लेसर, आणि मोजायचं काय, तर प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही लहान हालचाल. इतकं नाजूक यंत्र ठेवायला जमिनीत हादरे कमी असलेली जागा लागते. देशभर शोधून आमचा तालुका निवडला. आमच्याकडं काहीच हलत नाही, ही इतके दिवस तक्रार होती. आता ती गुणवत्ता झाली.

त्यामुळं पाइपचा विषय क्षणात बाजूला पडला आणि ओसरीपुढं खरा प्रश्न आला. मामा तंबाखूवर थापा मारतात, त्या दुधाळ्याला कळतील का?

मास्तरांचं मत पडलं, कळतील, पण शास्त्रज्ञ त्या वगळतील. कारण अमेरिकेतल्या दोन यंत्रांवर तीच थाप उमटणार नाही. एका ठिकाणी उमटली आणि दुसऱ्या ठिकाणी नाही तर ती गावातली गडबड, सगळीकडं उमटली तर विश्वातली. हे मास्तरांनी बरोबर सांगितलं, पद्धत साधारण तशीच आहे. अमेरिकेतल्या त्या दोन यंत्रांपैकी एक लुइझियानातल्या लिव्हिंग्स्टनला आहे हे मावसभावानं सांगितलं, आणि मामांनी डबा उचलला.

"पेरीक म्हनलास ती कुठली?"

"लुइझियानाचीच."

"मंग तितं बी कोनीतरी मळत आसंल," मामा म्हणाले. "एकाच टायमाला दोघांनी थाप मारली तं?"

मास्तरांना उत्तर सुचलं नाही. दुधाळ्याच्या शास्त्रज्ञांनी याचा विचार करून ठेवलेला बरा.

तोवर पाइप चांगला लागला होता. निळसर धूर ओसरीच्या कडीपाटाला लागला. वास खरोखरच गंभीर होता, देवळातल्या जुन्या लाकडाचा असतो तसा. मावसभावानं डोळे मिटले. त्यानं डोळे उघडले तेव्हा चार हात त्याच्यापुढं आले होते.

इथं पेच आला. तंबाखूचा तळवा फिरतो, बिडीचं बंडल फिरतं, चिलीम तर फिरण्यासाठीच केलेली असते. चिलमीला कोणाचं तोंड लागत नाही. तळाशी खडा, वर तंबाखू, बारीक तोंडाला ओली छापी गुंडाळायची, दोन्ही हातांची मूठ करायची आणि मुठीला तोंड लावून ओढायचं. तुझी मूठ तुझी, माझी मूठ माझी, धूर सगळ्यांचा. पाइप असा नाही. भूमध्य समुद्राकाठच्या कुठल्याशा झुडपाच्या मुळातली टणक गाठ कोरून तो करतात, ती विस्तवाला दाद देत नाही, सगळं खरं. पण दांडी एकाच्या दातांच्या मापाची. ज्या कोणा साहेबानं हा घाट घातला त्याच्याकडं संध्याकाळी कोणी येत नसणार.

मावसभाऊ घुटमळला. शर्टाच्या टोकानं दांडी पुसावी की नाही यावर त्याचा हात अडला. गोसावीबुवांनी त्याची सोडवणूक केली. त्यांनी कमरेची छापी काढली, तांब्यात बुडवून पिळली, पाइपच्या दांडीभोवती गुंडाळली आणि इंग्रजी पाइपची चिलीम केली. मूठ वळली. "अलख" म्हणाले. आणि ओढला.

पाऊण तास पुरावा असा भरलेला पाइप होता. बुवांच्या पहिल्या दमात वाटी लाल झाली. दुसऱ्या दमात मावसभाऊ उठून उभा राहिला, "बुवा, हळू, तापतो तो, तडकेल." तिसऱ्या दमाला तळाशी राख वाजली. बुवांनी बराच वेळ धूर आत ठेवला, मग नाकातून सोडला, छापी सोडवली आणि पाइप दोन्ही हातांनी परत केला.

"वास लई चांगलाय," ते म्हणाले. "तंबाखू कुठंय?"

मामा म्हणाले, धुरात मालाची पारख होत नाही, मळून बघावी लागते. त्यांनी डब्यातली चिमूट तळव्यावर घेतली. पाइपची तंबाखू मुद्दाम दमट ठेवलेली असते, त्यामुळं ती मळली जाईना, नुसती गोळा होऊ लागली. काड्या निघाल्याच नाहीत, त्यामुळं मामांचा अर्धा उद्योग बुडाला. चुना लावला. चुन्याचं काम असं की त्यातल्या क्षारानं निकोटिन मोकळं होतं आणि ओठाच्या कातडीतून झरझर रक्तात जातं. हे शास्त्र मामांना कोणी सांगितलेलं नाही, पण चुना कमी-जास्त झाला तर त्यांना पहिल्या मिनिटात कळतं. त्यांनी थाप मारली. धुरळा उडाला नाही. कोणी शिंकलं नाही. मामांचा चेहरा पडला. तरी त्यांनी रीत सोडली नाही. तळवा सगळ्यांपुढं फिरवला, सगळ्यांनी हात जोडले, आणि मामांनी बार भरला.

बार भरल्यावर माणूस बोलत नाही. आम्ही वाट बघितली. मामा छताकडं बघत होते. एकदा उठून अंगणात गेले, पिंक टाकून आले, पुन्हा बसले. शेवटी त्यांनी निकाल दिला. "गोडाय. लेकरांची हाय."

याचा पुढचा भाग मावसभावाच्या ध्यानात आला नव्हता. तुमची घेतली म्हणजे आमची घ्यावी लागते. मामांनी चंची सोडली, काड्या वेचल्या, चुना लावला, सोन्यासारखी मळली, आणि अशी थाप मारली की मास्तर तीनदा शिंकले. मी डोळ्यांनी नको म्हणून खुणावलं. पण तो लटाकिया पचवलेला माणूस. त्यानं मामांसारखाच बार भरला, मामांएवढाच.

तंबाखू लागणं म्हणजे काय हे ज्याला लागली नाही त्याला सांगून उपयोग नाही. आधी उचकी आली. मग कपाळावर घाम. मग तो म्हणाला, पंखा बंद करा. पंखा बंदच होता. मग तो ओसरीवर आडवा झाला आणि दोन्ही हातांनी फरशी धरून ठेवली. मामींनी साखर आणली, तोंड खळखळून धुवायला लावलं, आणि मामांना ते आजोळी आलेलं पोर असल्याची आठवण करून देत बरंच काही ऐकवलं. वारकरीबाबा उशाशी बसले आणि त्यांनी त्याची समजूत घातली. नामदेव महाराजांना देवळाच्या मागं बसून कीर्तन करायला लावलं, तेव्हा देऊळ त्यांच्याकडं फिरलं. "तुझ्यासाठी अख्खं औंढा फिरलं, बाळा. पुण्य लागतं."

दुसऱ्या दिवशी तो पुण्याला गेला. पाइप नेला, डबा ओसरीवरच राहिला. त्यानं फोनवर सांगितलं, राहू द्या, मामांना. मामांनी त्याकडं ढुंकून बघितलं नाही. डबा मामींच्या नजरेला पडला.

मामी मिश्री लावतात. तंबाखू ही घाण सवय आहे असं त्या रोज मामांना सांगतात, ते मिश्री लावता लावता सांगतात. मिश्री म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखूच, पण ती दातांना लावतात म्हणून ती मंजनात मोडते. हिंगोलीच्या दातांच्या डॉक्टरनं त्यांना सोडायला सांगितलं, तेव्हा त्यांनी डॉक्टर बदलला.

त्यांनी तवा चढवला आणि अख्खा डबा त्यावर उपडा केला. व्हर्जिनिया, पेरीक, लटाकिया, सगळं. धुरावर वाळवलेल्या पानाचा पुन्हा धूर निघाला. तो ओसरीवरून बोळात गेला, बोळातून पलीकडच्या आळीत, आणि जिथं जिथं गेला तिथून शिंका ऐकू येऊ लागल्या, आधी जवळून, मग लांबून. मामांनी डोळे उघडून पाहिलं आणि म्हणाले, "आता आली का तंबाखू."

कुटून, चाळून मामींनी ती त्याच डब्यात भरली. आठवड्यात आळीतल्या पाच-सहा बायका बोट बुडवून गेल्या. दाणा बारीक पडलाय, वास निराळाच येतो, आणि हिरडीला जरा गोड लागते, यावर सगळ्यांचं एकमत झालं. शेजारच्या काकूंनी कोणत्या दुकानातली म्हणून विचारलं. मामी म्हणाल्या, "दुकानातली न्हाई, सायपरसची. पाव्हण्याची वळख हाय तितं." आणि मला बोलावून मावसभावाला फोन लावायला सांगितला, पुढच्या खेपेला दोन किलो आण म्हणावं, काकूंची पावशेर धरून.